वाकड्या बाभळीखालचा हिमबिबट्या

शेपटीकडे माझं लक्ष गेलं तेव्हा चौदा बोर्ड लागून तीन दिवस झाले होते.

सकाळचे अकरा वाजले होते. जिंतूरच्या माझ्या दुकानात मी एका बारशाच्या बॅनरवर आत्यांची नावं बसवत होतो. आत्या चार होत्या आणि चौघींची नावं एकाच साइजमध्ये पाहिजेत अशी घरून ताकीद होती. तेवढ्यात घुगे मॅडमचा फोन आला. घुगे मॅडम म्हणजे आमच्या भागातल्या वनरक्षक. वय सत्तावीस, नोकरीला दोन वर्षं. एरवी त्या फोनवर ओरडूनच बोलतात, डोंगरात रेंज नसल्याची सवय. आज मात्र कुजबुजत होत्या.

"वाघमारे भाऊ, तुमी बोर्डावर कोणता बिबट्या टाकलाय?"

"बिबट्याच आहे मॅडम. ठिपके बघा की."

"मस्करी नका करू. गावानं मला ग्रामपंचायतीत बसवून ठेवलंय. स्कूटीची चावी सरपंचांनी घेतली. पांढरा वाघ धरून न्या, मग चावी न्या म्हणायलेत."

"पांढरा कुठला? फोटो जरा उजळ आलाय एवढंच."

"त्याची शेपूट बघा," एवढं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मी फाइल उघडली आणि शेपूट बघितली. शेपूट जनावराएवढीच लांब होती आणि हिवाळ्यात दुलई गुंडाळून ठेवतात तशी जाड होती. पायांचे पंजे भाकरीएवढे. अंगावर राखाडी-पांढरी लोकर. आपल्याकडच्या बिबट्याला लोकर नसते हे मला लहानपणापासून माहीत होतं. तरीही मी हा फोटो निवडला होता, कापला होता, चिकटवला होता आणि सहा बाय चारमध्ये चौदा वेळा छापला होता.

आता हे कसं झालं ते सांगतो, म्हणजे तुम्ही मला जेवढा मूर्ख समजताय त्यापेक्षा थोडा कमी समजाल.

माझा धंदा फ्लेक्स डिझाइनचा. गावोगावी मला अजून 'पेंटर' म्हणतात, पण ब्रश सोडून पंधरा वर्षं झाली. आधी माझा फोटो स्टुडिओ होता. लग्नाच्या अल्बमात नवरा-नवरीला बर्फाच्या डोंगरात उभं करायचं, हे माझं खास काम. चारठाण्याच्या मंगल कार्यालयात घामाघूम झालेली जोडपी मी काश्मीरला पाठवत असे. याला आमच्यात 'कटिंग' म्हणतात. माणूस त्याच्या फोटोतून कडेकडेनं कापून घ्यायचा आणि दुसऱ्या जागेवर असा बसवायचा की सांधा दिसू नये. हात चांगला असेल तर सावलीसुद्धा जुळवता येते. माझा हात चांगला आहे. सगळा घोळ त्यामुळेच झाला.

चारठाण्याच्या पुढे डोंगरात एक वाडी आहे. नाव सांगत नाही, तिथून अजून ऑर्डरी येतात. त्या वाडीच्या माळावर बिबट्या दिसला होता. आपला नेहमीचा, पिवळा. मॅडमनी बोर्डांची ऑर्डर दिली. 'या परिसरात बिबट्याचा वावर आहे. एकट्याने शेतात जाऊ नये. मुलांना सोबत ठेवावे.' आणि खाली बिबट्याचा फोटो. घाई होती, कारण कापसाची वेचणी सुरू झाली होती आणि वेचणीला बाया वाकून काम करतात. वाकलेलं माणूस बिबट्याला जनावरासारखं दिसतं. मॅडमनी हे मला समजावून सांगितलं होतं.

बिबट्याच्या मागे कुठल्यातरी परदेशी जंगलाचा फोटो टाकणं मला पटेना. गावाला आपलं वाटलं पाहिजे. म्हणून मी स्वतः जाऊन त्या वाडीच्या टेकडीचा फोटो काढला. वर म्हसोबाचं ठाणं, शेजारी एक वाकडी बाभळ. अशी वाकडी बाभळ तालुक्यात दुसरी नाही. मग तिच्याखाली पिवळा बिबट्या बसवला. आणि तो दिसेना.

पिवळ्या गवतावर पिवळं जनावर. दहा फुटांवरून बघितलं तर नुसतं गवत. आमच्या धंद्यात म्हणतात, पिवळ्यावर पिवळं मरतं. मी तासभर खटपट केली. मग इंटरनेटवर शोधताना हा राखाडी गडी सापडला. फोटो इतका स्वच्छ की मिशा मोजून घ्याव्यात. गवतावर ठेवला तर असा उठून आला, वा! त्याच्या पायाखाली थोडं पांढरं होतं, ते मी चुनखडीच्या रंगाचं केलं. सावली बाभळीच्या सावलीला जुळवली.

बायको, सुजाता, तेव्हा डबा घेऊन दुकानात आली होती. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. तिनं स्क्रीनकडे बघितलं.

"हा इतका गोरा कसा?"

"फ्लॅश मारलाय."

"बिबट्यावर?"

"तू डबा ठेव," मी म्हणालो.

मग प्रूफ पाठवलं. प्रूफ म्हणजे छापण्याआधी गिऱ्हाइकाला दाखवायचा नमुना. पूर्वी लोक दुकानात येऊन बघायचे, कागदावर सही करायचे. आता व्हॉट्सअॅपवर पाठवतो आणि समोरून अंगठा येतो. मॅडम तेव्हा गस्तीवर होत्या. भर उन्हात, तडा गेलेल्या मोबाइलवर, दोन बोटांएवढा बिबट्या. त्यांनी मजकूर वाचला, स्पेलिंग बघितलं, अंगठा टाकला.

तर आता मी वाडीकडे निघायच्या आधी त्यांच्या साहेबांना फोन लावला. म्हटलं, चूक कबूल करून टाकावी. साहेबांनी सगळं शांतपणे ऐकलं. त्यामुळे मला जास्तच भीती वाटली.

"प्रूफ कुणी ओके केलं?"

"मॅडमनी. पण साहेब, चूक माझी आहे."

"तुम्ही आमच्या खात्यात आहात का?"

"नाही."

"मग तुमची चूक कागदावर कुठं लिहू? कागदावर नाव तिचंच येणार. वरून विचारणा झाली की मला तिचा खुलासा मागवावा लागेल. नोकरी अजून कच्ची आहे तिची." मग ते म्हणाले, "मी चार वाजता वाडीत पोचतो. तोपर्यंत गाव शांत झालं, बोर्ड उतरले, तर मला काही दिसलं नाही. नाहीतर दिसेल."

खोटं कशाला बोलू, फोन ठेवल्यावर एक विचार येऊन गेला. अंगठा माझ्या मोबाइलमध्ये आहे. तारीख-वेळेसकट. 'गिऱ्हाइकानं पास केलं, आम्ही छापलं' हे वाक्य आमच्या धंद्यात कायद्यासारखं चालतं. मी ते वाक्य आजवर चुकलेल्या पत्रिकांवर, उलट्या छापलेल्या पुढाऱ्यांच्या फोटोंवर, कितीतरी वेळा वापरलंय. पण कच्च्या नोकरीतल्या पोरीवर ते वापरायला जीभ रेटेना. मोटारसायकल काढली.

वाटेत दोन्ही बाजूंना कापूस फुटून लोंबत होता आणि रानात एक माणूस नव्हतं. सगळं गाव ग्रामपंचायतीपुढे. मॅडम आत खुर्चीवर, हातात चहाचा कप. त्यांना डांबून ठेवलं होतं, पण चहा तिसऱ्यांदा झाला होता. आमच्याकडे पाहुणचार आणि घेराव एकदमच होतो.

"आला बघा पेंटर!" सरपंच रंगनाथतात्या ओट्यावरून म्हणाले. "नाव वाघमारे अन् वाघ सोडायलाय."

"तात्या, मी कोण सोडणारा? मी फक्त फोटो छापला."

"त्येच म्हणायलोय. फोटो कुठला हाय?"

"तो वाघ इथला नाही तात्या. चूक झाली. तो हिमालयातला आहे."

हे मी बोललो आणि जमाव एकदम शांत झाला. मला वाटलं, पटलं. तात्यांनी मागे वळून कुणाला तरी हाक मारली.

"बालाजी, ये इकडं. बघ, पेंटर सोताच्या तोंडानं म्हणायलाय."

बालाजी म्हणजे सुट्टीवर आलेला फौजी. तिशीचा, ताठ. लडाखला तीन वर्षं काढलेला. बोर्ड लागल्या दिवशी त्यानंच गावाला सांगितलं होतं की हे जनावर बर्फातलं आहे. माझ्या नशिबात सगळ्या मराठवाड्यात हिमबिबट्या ओळखणारा जो एक माणूस होता, तो नेमका त्याच वाडीचा निघाला.

"मी बघितलाय," बालाजी म्हणाला. "तीन वर्षांत एकदाच. दुर्बिणीतून. आधी नुसते पाय उमटलेले दिसायचे, आमच्या पोस्टच्या पाठीमागं. जनावर समोरच्या खडकावर बसलेलं असतंय अन् तुमाला दिसत न्हाई. आमचा तिथला वाटाड्या बोट दाखवायचा, तिथं बघा, तिथं. आमाला नुसता दगूड. मग दगडानं मान वळवली की कळायचं."

"उडी किती मारतंय ते सांग," कुणीतरी म्हणालं.

"नाल्याच्या ह्या काठावरनं त्या काठावर. शेपटीनं तोल धरतंय. अन् थंडी पडली की तीच शेपूट तोंडावर घेऊन निजतंय."

ऐकताना मीसुद्धा रंगून गेलो होतो. मग लक्षात आलं की हा माझ्याविरुद्धचा साक्षीदार आहे.

तात्यांनी वकिलासारखा मुद्दा हातात घेतला. "पेंटर, आता सांगा. बोर्डावरला डोंगर खोटा हाय का?"

"नाही. डोंगर इथलाच आहे. मीच फोटो काढला."

"बाभळ?"

"खरी आहे."

"वाघ खोटा हाय का?"

"वाघपण खरा आहे."

"मग खोटं काय हाय?"

डोंगर खरा, बाभळ खरी, वाघ खरा, सावलीसुद्धा माझ्या कृपेनं खरी. खोटी फक्त त्यांची गाठभेट. पण हे सांगायचं कसं?

तुम्हाला माहीत असेलच, आमच्याकडे कुठलंही जनावर आपणहून येत नाही. साप निघाला तर 'गाडीतून आणून सोडले'. माकडं आली तर 'तिकडून पकडून इकडं सोडली'. त्यात खात्यानं स्वतः बोर्ड लावून, फोटोसकट, जागेसकट कबुली दिलेली. गावाचं म्हणणं सरळ होतं: काश्मीरचं वाघरू आमच्या बाभळीखाली उतरवलं, तिथंच फोटो काढला आणि आता 'सावध रहा' म्हणतात.

"मी दोनदा बघितलंय," कौसाबाई म्हणाल्या. सत्तरीच्या, डोक्यावर पदर, अडीच एकर कापूस त्याच टेकडीच्या पायथ्याला. "पांढरं शिप्पट. काल सांच्याला अन् आज सकाळी."

"मावशी, बोर्डाच्या आधी कधी दिसलं होतं का?"

"आधी कसं दिसंल? आधी सोडलंच न्हवतं."

मी मॅडमकडे बघितलं. त्यांनी कपात बघितलं.

"सकाळी मी सगळं सांगून बसले," त्या हळूच म्हणाल्या. "गाडी दाखवा, पिंजरा दाखवा, कुणी बघितलं ते दाखवा, असं मी म्हणाले तर हे म्हणतात, तुमी चोरून सोडलं, दिसंल कसं?"

कौसाबाई पुढे आल्या. "बया, तुझ्यावर राग न्हाई माझा. तू लेकरावानी हायस. पर माझा कापूस गळून मातीत चाललाय. वर आभाळ आलंय. बाया म्हणतात, पिवळं असतं तर आलो असतो, ह्या पांढऱ्याचं काय माहीत न्हाई. तेवढं घेऊन जा तुमचं."

घड्याळात दोन वाजून गेले होते. मी इंटरनेट काढून मूळ फोटो दाखवला. बघा, हाच वाघ, मागे बर्फ. सगळ्यांनी वाकून बघितलं.

"हां," तात्या म्हणाले, "हा आणायच्या आधीचा."

त्या क्षणी मला माझ्या धंद्याचा, माझ्या हाताचा आणि वाकड्या बाभळीचा मनापासून वैताग आला. चाळीस माणसांपुढे मी ओरडून सांगत होतो की मी लबाडी केली आहे, आणि एकही माणूस मला लबाड मानायला तयार नव्हता. माझ्या कामाची अशी तारीफ आयुष्यात झाली नाही.

मग एकच उरलं होतं. म्हटलं, "तात्या, जरा ओट्यावर नीट उभे राहा. टोपी सरळ करा. फोटो काढतो."

"कशापाई?"

"पुराव्यापाई."

फोटो म्हटल्यावर आमच्याकडे सरपंच नाही म्हणत नाही. तात्यांनी टोपी सरळ केली, कमरेवर हात ठेवला. मी फोटो काढला, पायरीवर बसलो आणि मोबाइलवरच कामाला लागलो. मोबाइलवर कटिंग करणं म्हणजे बोटानं रांगोळीत डोळा काढण्यासारखं आहे. त्यातून चाळीस माणसं मानेवर श्वास सोडतायत. धोतराच्या सोग्याशी दोनदा चुकलो. पण पंधरा मिनिटांत तात्या फोटोतून सुटे झाले. त्यांना लग्नाच्या अल्बमातल्या माझ्या जुन्या बर्फाच्या डोंगरावर उभं केलं, पायाखाली सावली दिली, आणि शेजारी शेपूट गुंडाळून बसलेला तोच हिमबिबट्या. तात्यांचा हात जरासा खाली ओढला, असा की त्याच्या डोक्यावर टेकेल.

मोबाइल आधी बालाजीच्या हातात दिला. त्यानं बघितलं, मोठं करून बघितलं आणि त्याचा ताठा मोडला. तो जो हसत सुटला तो भिंतीला टेकला.

"तात्या, चप्पल घालून चढलाव व्हय तिथं? आमाला बूट देऊनसुदिक बोटं गळायची राव!"

मोबाइल हातोहात फिरला. बाया पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. तात्यांनी सगळ्यात शेवटी बघितलं, बराच वेळ.

"ह्यो मीच हाय," ते म्हणाले.

"तुम्हीच आहात."

"डोंगुर?"

"खरा आहे."

"वाघरू?"

"खरं आहे."

"अन् मी तर हितंच हाय."

कौसाबाईंनी मोबाइल त्यांच्या हातातून घेतला, डोळ्यांजवळ नेला आणि निकाल दिला. "तात्या तिकडं गेला न्हाई, तसंच वाघरूबी हिकडं आलं न्हाई. ह्या पेंटरनंच बसल्या जागी दोघाला हिंडवलं. उगं आमचा दिस घालवला रे, भाड्या!"

या शिवीइतकी गोड शिवी मी ऐकली नाही.

"मावशी, मग तुम्हाला दोनदा दिसलं ते काय?" मला राहवलं नाही.

"आता तू बोर्ड लावल्यावर न दिसून कसं चालंल?"

तात्यांनी खिशातून स्कूटीची चावी काढून मॅडमपुढे ठेवली. लोक उठायला लागले. मी म्हटलं, सुटलो. पण मॅडम उठून उभ्या राहिल्या आणि त्यांचा नेहमीचा डोंगरातला आवाज परत आला.

"थांबा! पांढरा खोटा हाय. पिवळा खरा हाय. त्याचे ठसे मी परवा ओढ्यात बघितलेत. एकट्यानं जायचं न्हाई, वाकून काम करताना एकानं उभं राहून बोलत राहायचं, सांच्याला लवकर परत फिरायचं."

मी घड्याळ बघितलं. आत्ता कुठे गाव शांत झालं होतं.

"पिवळ्याचं काय न्हाई," कौसाबाई फडकं कमरेला बांधत म्हणाल्या, "त्ये तर आपलंच हाय. चला गं, समद्या मिळून जाऊ." आणि निघाल्या. बारा-तेरा बाया, मोठमोठ्यानं बोलत. मॅडम स्कूटीवरून त्यांच्या मागे गेल्या आणि बांधावर उभ्या राहिल्या.

मी आणि बालाजीनं बोर्ड उतरवायला घेतले. चारला साहेब आले तेव्हा तेरा बोर्ड ओट्यावर उपडे घातलेले, गाव रानात आणि मॅडम बांधावर.

"काय झालं होतं?" साहेबांनी विचारलं.

"कुठं काय?" तात्या म्हणाले. "चहा घ्या."

साहेबांनी चहा घेतला. खुलासा मागवला गेला नाही. मॅडमची नोकरी जागच्या जागी राहिली. चौदावा बोर्ड मात्र सापडला नाही. नंतर कळलं की तो एकानं नेऊन हरभऱ्याच्या बांधावर लावलाय. रस्त्याकडेचं रान, येणारे-जाणारे घाट्यांनी लगडलेले ढहाळे उपटून न्यायचे. आता कुणी गाडीसुद्धा थांबवत नाही. मॅडमनी दोनदा काढायला लावला, दोनदा परत लागला. परवा त्याच माणसाचा मला फोन आला, ऊन लागून वाघाचा रंग उतरलाय, नवीन करून द्या म्हणून. नाही म्हटलं.

नवीन चौदा बोर्ड मी दुसऱ्या दिवशी छापले. त्यावर पिवळाच बिबट्या, वाकड्या बाभळीखाली, पिवळ्या गवतात. साहेबांनी या वेळी दुकानात येऊन मोठ्या स्क्रीनवर प्रूफ बघितलं.

"वाघमारे, बिबट्या दिसत नाही."

"साहेब, तो असाच असतो."

ते थोडा वेळ बघत राहिले आणि त्यांनी कागदावर सही केली. मी आता अंगठा घेत नाही, सहीच घेतो. बाकी शिकलो ते एवढंच, की बर्फातला दगडात दिसत नाही, आपला गवतात दिसत नाही, हे त्या जनावरांचं पोट भरायचं साधन आहे. मी ते डिझाइनमधली चूक समजून दुरुस्त करायला गेलो.

घरी येऊन मी सुजाताला सगळी हकिकत रंगवून सांगितली. तात्यांचा फोटोही दाखवला. ती हसेल असं वाटलं होतं. तिनं फोटो बघितला, मग भिंतीवरच्या आमच्या लग्नाच्या फोटोकडे बघितलं. त्यात आम्ही दोघं बर्फाच्या डोंगरावर उभे आहोत. ती शालूत, मी कोटात. त्या वर्षी काश्मीरला जायचं ठरलं होतं, लग्नांचा सीझन होता म्हणून राहिलं.

"डोंगर तोच वापरलात," ती म्हणाली. "मला तिथं उभं केलंत, तात्यांना उभं केलंत, तिथल्या वाघाला इथं आणलंत. वीस वर्षांत खरी अशी जिंतूरच्या पुढं गेली ती फक्त तुमची मोटारसायकल."

आणि वह्या तपासायला बसली.